वादळ सुरू होईल तेव्हा तू कुठे असशील?

«ताई, नमस्कार. मी सांगलीची. मिरजेच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं स्टाफ नर्स होते, सात महिन्यांपूर्वी एका एजन्सीच्या कराराने अमेरिकेत बफेलोला आले. हॅम्बर्गला भाड्याने राहतो. हॉस्पिटल शहराच्या मध्यात, वीस किलोमीटरवर. नवरा घरून काम करतो, मुलगा चार वर्षांचा. गाडी मी इथेच शिकले. मागच्या आठवड्यात नाईटला जायला पावणेसहाला निघाले आणि रूट पाचवर लॅकवानाच्या अलीकडे बर्फात अडकले. समोरचं काही दिसत नव्हतं. तीन तासांनी पोलिसांनी सोडवून मागे वळवलं. सुपरवायझरला फोन केला तर म्हणाली, 'बाकी सगळे वेळेवर आलेत.' आता माझ्या नावावर गैरहजेरीची नोंद पडली आहे आणि प्रोबेशन अजून संपायचं आहे. नवरा म्हणतो, पुन्हा बर्फात निघालीस तर गाडीची किल्ली लपवून ठेवीन. मला मात्र रात्री झोप लागत नाही. माझे पाच पेशंट त्या रात्री कुणी बघितले असतील? २०१९ च्या पुरात मी सांगलीहून मिरजेला ड्युटीला गेले होते, आणि इथे बर्फाला घाबरून घरी परतले. वादळात जायचं की नाही, ते स्पष्ट सांगा. तुम्ही मला 'तू' म्हटलंत तर बरं वाटेल.»

बरं, तू म्हणते. आणि स्पष्टच सांगते: वादळात जायचं नाही. वादळाच्या आधी जायचं, किंवा घरी राहायचं. तिसरा रस्ता तू त्या संध्याकाळी बघून आलीस.

पण आधी सुपरवायझरच्या त्या वाक्याचा समाचार घेऊ, कारण तुझी झोप त्यानेच उडवली आहे. 'बाकी सगळे आलेत' हे बहुतेक खरंच असेल. ते आले कुठून, हे मात्र तू विचारलं नाहीस. बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. सरोवराचं पाणी अजून उबदार असतं, त्यावरून गार वारा येतो, पाण्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर चढला की सगळी बर्फ करून टाकतो. हा बर्फ गावभर सारखा पडत नाही, पट्टा धरून पडतो. पट्ट्याची रुंदी कधी कधी दहा-पंधरा किलोमीटरच असते. त्याच्या आत गाडीचं बॉनेट दिसत नाही आणि बाहेर लख्ख ऊन असतं. बहुतेकदा हा पट्टा दक्षिणेला बसतो. म्हणजे हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्क, लॅकवाना. २०२२ च्या नोव्हेंबरात हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्कला तीन-चार दिवसांत साडेसहा फुटांहून जास्त बर्फ पडला. बफेलोच्या फुटबॉल संघाचा घरचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला, आणि फुटबॉल म्हणजे या गावची वारी. उत्तरेच्या उपनगरांत तेव्हा कितीतरी कमी बर्फ होता. तुझ्या वॉर्डातल्या निम्म्या सिस्टर ॲम्हर्स्ट आणि टोनावांडाला राहत असतील. त्या कोरड्या रस्त्याने आल्या. त्या शूर आणि तू भित्री, असा याचा अर्थ होत नाही.

पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा 'येता येत नाही' एवढंच सांगू नकोस. रडारच्या नकाशाचा फोटो काढ, आपलं घर कुठे ते दाखव, रस्ता बंद असल्याची पोलिसांची सूचना जोड आणि तिला पाठव. माणूस खिडकीतून दिसणारं हवामान खरं मानतो. तिच्या खिडकीत चांदणं होतं.

आता पुराची गोष्ट. मी पुण्यात शिकले. नोकरीचं पहिलं वर्ष सोडलं तर सगळा जन्म याच बफेलोत नर्स म्हणून गेला. त्यामुळे तुझं ते वाक्य मला नीट कळलं, आणि पटलं नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तू गेलीस, हे कौतुकाचंच. पण तू कशी गेलीस ते आठव. कोयनेतून विसर्ग वाढवला ही बातमी आली की सांगलीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं की पाणी उद्या चढणार. पुलावरची पातळी तासातासाला कळत असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कुठली गल्ली किती फुटांना बुडते हे तुला पाठ असेल. पाण्याचा अंदाज घेऊनच तू घरातून बाहेर पडली असणार. धैर्य तुझ्याकडे होतंच, पण त्याच्या जोडीला माहिती होती. इथे तुझ्याकडे माहितीच नव्हती. तू रस्त्याकडे बघून निघालीस, आणि निघतेवेळी घरासमोरचा रस्ता बरा असणारच.

तेव्हा इथला आयर्विन पूल शोध. इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेचं बफेलोत स्वतःचं कार्यालय आहे आणि सरोवराच्या बर्फाचा अंदाज ही त्यांची खासियत आहे. 'वॉच' म्हणजे शक्यता आहे, एक-दोन दिवस आधी कळतं. 'वॉर्निंग' म्हणजे येतंय. 'ब्लिझर्ड' हा शब्द ते उगाच वापरत नाहीत: वारा ताशी ३५ मैलांच्या वर, पाव मैलाच्या पलीकडे काही दिसेनासं, आणि हे सलग तीन तास. वॉच लागला की तू तयारीला लागायचं. वॉर्निंग लागली की तू ठरवायचं.

हे मी दुसऱ्याच्या अनुभवावरून सांगत नाही. २० नोव्हेंबर २०००, सोमवार. मी सकाळच्या ड्युटीला होते. दुपारच्या सुमारास बर्फ सुरू झाला, विजांच्या कडकडाटासह. तोवर बर्फात गडगडाट मी कधी ऐकला नव्हता. दर तासाला दोन-तीन इंच पडत होता. सगळ्या ऑफिसांनी माणसं एकदमच घरी सोडली, शाळांच्या बस त्याच वेळी निघाल्या, आणि सगळं शहर जागच्या जागी गोठलं. बर्फ साफ करणारे नांगरही त्याच गर्दीत अडकले, मग साफ कोण करणार? आमच्या हॉस्पिटलात तीन वाजता सांगितलं, दिवसपाळीने निघा, पुढची पाळी येतेच आहे. आम्ही निघालो. पुढची पाळी आलीच नाही. ती त्याच रस्त्यावर, आमच्या समोरच्या बाजूला, आमच्यासारखीच अडकली होती. सहा तासांत माझी गाडी चार चौक गेली. कित्येक मुलांनी ती रात्र शाळेच्या बसमध्ये काढली. मला एका म्हाताऱ्याने काच वाजवून घरात बोलावलं, सूप दिलं आणि सोफ्यावर झोपवलं. त्याच वेळी वॉर्डात दोघी सिस्टर तीस पेशंट सांभाळत होत्या आणि मी चार चौकांवर सूप पीत होते. हॉस्पिटलात थांबले असते तर कामाला आले असते. ती चुकी मी पुन्हा केली नाही.

म्हणून माझा नियम एकच. वादळ सुरू होईल तेव्हा मी कुठे असणार, ते आदल्या दिवशी ठरवायचं. तुझी नाईट सातला आणि बर्फ चारला सुरू होणार असेल, तर तू दुपारी बारालाच हॉस्पिटलात पोहोचून कुठल्यातरी रिकाम्या खोलीत झोपलेली असायला हवीस. बर्फ पहाटेच येणार असेल तर आदल्या रात्रीच जायचं. वॉर्डातली कुणी हॉस्पिटलाजवळ राहत असेल तर तिच्याशी आत्ताच मैत्री कर. वादळाच्या दिवशी सोफा मागण्यापेक्षा ऑक्टोबरात डबाभर साबुदाण्याची खिचडी नेऊन मागितलेला बरा. तिची सुट्टी कधीतरी तू भरून काढ. इथे ही देवघेव चालते, फक्त आपली मंडळी विचारायला लाजतात.

लवकर जाणं जमणारच नसेल, मुलाला ताप असेल, नवरा गावाला गेला असेल, तर आदल्या दिवशीच फोन करून सांग की उद्या मी नाही. आठ-दहा तास आधी कळलं तर इनचार्ज दुसरी कुणी शोधू शकते. रस्त्यात अडकून फोन केलास तर तिच्या हातात काहीच उरत नाही. त्या रात्री तुझ्या पाच पेशंटना जो त्रास झाला असेल तो तू न आल्याने झाला नाही. तू येणार, असं तुझा फोन येईपर्यंत वाटत राहिलं म्हणून झाला. हे मी बोचावं म्हणून लिहीत नाही, तुला यातून काढता येण्यासारखा धडा हाच आहे म्हणून लिहिते. बाकीचा अपराधभाव फेकून दे. वॉर्डाला माणसं पुरवणं हे हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाचं काम आहे, त्यांना त्याचाच पगार मिळतो. आपल्याकडे ट्रेनिंगपासून 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' भिंतीवर वाचून वाचून आपण व्यवस्थापनाचंही ओझं डोक्यावर घेतो.

लायसन्सची भीती तू लिहिली नाहीस, पण मनात असणारच. 'पेशंटला सोडून जाणं' हा जो गंभीर आरोप असतो, तो तू पेशंट ताब्यात घेतल्यावर, हँडओव्हर न देता निघून गेलीस तर येतो. रस्ता बंद म्हणून पोहोचताच आलं नाही, हा हजेरीचा प्रश्न आहे. तो तुझ्यात आणि मालकात मिटतो. उलट बाजूही ऐकून ठेव. न्यूयॉर्क राज्यात १ जुलै २००९ पासून नर्सला सक्तीने जादा ड्युटी करायला लावता येत नाही, पण आपत्ती आणि सरकारने जाहीर केलेली आणीबाणी हे त्याला अपवाद आहेत. म्हणजे नेमक्या हिमवादळातच तुला थांबवून घेता येतं. बारा तासांची ड्युटी आहे असं समजून जाऊ नकोस. दोन दिवसांची तयारी करून जा.

मॅनेजरला मात्र या आठवड्यात एक ईमेल लिही. भांडायचं नाही आणि गयावयाही करायची नाही. तारीख, निघाल्याची वेळ, अडकल्याची जागा, पोलिसांनी मागे वळवल्याची वेळ, फोन किती वाजता केला ते, एवढं लिही. मग तीन प्रश्न विचार. प्रवासबंदी किंवा रस्ता बंद असताना न आलेल्याची नोंद गैरहजेरीत धरतात का? आदल्या दिवशी येऊन राहिलं तर झोपायची सोय आहे का, आणि त्या वेळेचा पगार कसा धरतात? हॉस्पिटलकडून आणा-सोडायला गाडी मिळते का? युनियन असेल तर त्यांच्या प्रतिनिधीलाही तोच मजकूर पाठव. एजन्सीच्या करारात अशा नोंदींबद्दल काय लिहिलंय तेही वाचून काढ. तोंडी 'हो हो, बघू' मिळालं तर त्याला किंमत नाही. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथे मोठ्या वादळात स्नोमोबाइलवाले हौशी लोक आणि मोठ्या जीपवाले डॉक्टर-नर्सना घरून उचलून आणतात. तुझं नाव-पत्ता त्या यादीत आधीच असलेला बरा.

प्रवासबंदीतून आरोग्य कर्मचाऱ्यांना बहुतेक वेळा सूट असते. ओळखपत्र जवळ ठेव. पण सूट म्हणजे रस्ता मोकळा, असं समजू नकोस. २०२२ च्या नाताळातलं वादळ मी खिडकीतून बघितलं, तोवर मी निवृत्त झाले होते. हवामानवाले तीन-चार दिवस आधीपासून ओरडत होते. बंदी मात्र २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला लागू झाली, आणि तोवर माणसं कामाला निघून गेली होती. मग सलग ३७ तास ब्लिझर्ड. विमानतळावर ५१.९ इंच बर्फ. अँब्युलन्स अडकल्या, आगीचे बंब अडकले, त्यांना सोडवायला गेलेल्या गाड्या अडकल्या. या एका काउंटीत चाळीसहून अधिक माणसं गेली. काही आपल्याच गाडीत, कामावरून घरी येताना. तू १०० टक्के सूट घेऊन निघालीस तरी तुला काढायला कुणी येऊ शकणार नाही, असे तास असतात. नवऱ्याने किल्ली लपवायची ती त्या तासांत. बाकीच्या दिवशी त्याला सांग, किल्ली लपवण्यापेक्षा मला दुपारी बाराला सोडून ये.

रस्त्याबद्दल. रूट पाच सरोवराला चिकटून जातो आणि पुढे स्कायवेच्या उंच पुलावर चढतो. वारा सुटला की पहिल्यांदा तोच बंद होतो. नकाशातला आवाज तुला तिथूनच नेणार, कारण तो जवळचा आहे. बर्फाच्या दिवसांत त्याचं ऐकू नकोस. साऊथ पार्क ॲव्हेन्यूने जा. सिग्नल भरपूर, वेळ दुप्पट, पण दोन्ही बाजूंना घरं आहेत, दुकानं आहेत, दार वाजवता येतं. मला सूप पाजणारा म्हातारा हायवेवर राहत नव्हता.

गाडीला हिवाळी टायर घाल, चारही. साध्या टायरचं रबर सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होतं. 'माझी गाडी चारही चाकांवर चालते' म्हणणारे इथे खड्ड्यात जास्त दिसतात. चारही चाकांची ताकद गाडी निघायला उपयोगी पडते, थांबायला नाही. टाकी कधीही अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि मांजराच्या शौचाची रेती असू दे. हसू नकोस, चाक फिरत राहिलं की खाली तीच टाकतात.

आणि अडकलीसच तर. गाडीतून उतरून चालायला लागू नकोस. त्या पांढऱ्या अंधारात माणूस स्वतःच्या अंगणातही हरवतो. एखादी रंगीत ओढणी अँटेनाला किंवा आरशाला बांध. तासातून दहा मिनिटंच इंजिन चालू कर, आणि चालू करण्याआधी प्रत्येक वेळी मागे जाऊन धुराची नळी बर्फातून मोकळी कर. काच बोटभर उघडी ठेव. नळी बुजली की धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो आणि झोप गोड लागते. थंडीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. तू त्या दिवशी तीन तास इंजिन चालू ठेवून बसली होतीस का? पत्रात लिहिलं नाहीस. बसली असशील तर देवाची कृपा समज आणि पुन्हा तसं करू नकोस. घरातही तेच. हीटरच्या भट्टीची नळी बहुधा बाजूच्या भिंतीतून बाहेर निघत असेल. तिच्यासमोरचा बर्फ काढायचं काम नवऱ्याकडे दे, आणि धोक्याची घंटा देणाऱ्या यंत्राचे सेल बदलायला सांग. तू दोन दिवस हॉस्पिटलात असशील तेव्हा त्याला हे माहीत असलं पाहिजे.

परतीची घाई करू नकोस. वादळ संपून रस्ते उघडले की घरची ओढ लागते आणि वीस तास जागी असलेली सिस्टर गाडी काढते. चोवीस तास जागा माणूस दारू प्यायल्यासारखा गाडी चालवतो. तू रिपोर्ट देऊन आधी चार तास झोप, मग निघ. मुलगा बापाजवळ आहे, त्याला व्हिडिओवर वॉर्डाच्या खिडकीतला बर्फ दाखव.

आता बॅग. ती ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत भरलेलीच असू दे. दोन जोड स्क्रब (ड्युटीचे कपडे), जाड मोजे, स्लीपर, तुझी रोजची औषधं चार दिवसांची, चार्जर, कानात घालायचे बोळे, कारण खाटा शेजारी शेजारी टाकतात आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट घोरतात. खायला स्वतःचं. कॅन्टीन दुसऱ्या दिवशी बिस्किटांवर येतं. दशम्या टिकतात, शेंगदाण्याची चटणी टिकते, चिवड्याचा डबा मोठा ने, कारण तो वॉर्डभर फिरतो. २००१ च्या नाताळात इथे पाच दिवसांत ८० इंचांवर बर्फ पडला. मी २४ तारखेलाच बॅग घेऊन जाऊन बसले होते. सगळं आठवणीने नेलं होतं. फक्त कैरीच्या लोणच्याची बाटली लॉकरमध्ये आडवी ठेवली, आणि दोन्ही जोड स्क्रबवर तेल सांडलं. चार दिवस मी हळदी रंगाच्या कपड्यांत ड्युटी केली. तू बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, उभी ठेव.